चोर सोडून सगळ्यांसाठी

यवतमाळात दारव्हा रोडपासून आर्णी रोडपर्यंत कुठल्याही वस्तीत रात्री अडीच वाजता मोटारीचा भोंगा सुरू झाला, की पुढचा घटनाक्रम ठरलेला असतो. पहिल्या मिनिटाला कुत्री साथ धरतात. दुसऱ्या मिनिटाला आजूबाजूच्या चार मोटारमालकांना शंका येते की आवाज आपल्याच गाडीचा असावा; कारण चौघांनी एकाच दुकानातून एकच भोंगा बसवून घेतलेला असतो आणि त्यात त्याच सहा चाली त्याच क्रमाने येतात. चौघेही अंथरुणातूनच उशीखालचा रिमोट काढतात आणि खिडकीच्या दिशेने दाबतात. ज्याची गाडी ओरडत असते तो पाचवा. तो रिमोट खिशात घालून, पेट्रोल वाचावं म्हणून एसटीने, पुसदला लग्नाला गेलेला असतो. चौघांच्या दाबादाबीने भोंगा थांबत नाही; त्यांच्या स्वतःच्या, शहाण्यासारख्या गप्प उभ्या असलेल्या गाड्यांची कुलपं मात्र उघडतात. अर्ध्या मिनिटाने ती आपोआप पुन्हा लागतात म्हणे. चोराने तेवढ्यात आवरायचं. सकाळी विचारपूस होते ती अशी: ‘काऊन जी, रात्री तुमची गाडी लय बोंबलून राहिली होती?’ ‘मांजर बसली असन बाप्पा.’ इथे तपास बंद होतो. चोर आला होता का, हे कोणीच विचारत नाही, आणि माझा मुद्दा नेमका इथून सुरू होतो.

मोटारीला वरून बसवून घेतलेला भोंगा आणि हल्ली त्याच्याच जोडीला मिळणारं, घरात बसून रिमोटने इंजिन सुरू करणारं यंत्र, ही चोरापासून रक्षण करणारी साधनं आहेत असा सार्वत्रिक समज आहे. माझं म्हणणं असं की ती जाहीर निवेदनाची साधनं आहेत, आणि चोर हे त्यातलं निमित्त आहे. गाडी घेतल्याचं पेढे वाटून एकदाच सांगता येतं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पेढे नेले तर लोक विचारतात, ‘आता काय घेतलं?’ त्यानंतर गाडी आपल्याकडे आहे हे सांगायला रोज नवं निमित्त लागतं, आणि ते शोधायची लाज वाटते. भोंगा ही लाज झाकतो. कुलूप लावताना एक ‘टुक’, उघडताना ‘टुकटुक’, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लुकलुकतात, आणि दत्त चौकातल्या पानटपरीवरची मंडळी एकदा मान वळवून बघतात. ही मान वळणं हेच त्या यंत्राचं खरं उत्पादन. शंका असेल तर गाडीला कुलूप लावणाऱ्या माणसाकडे नीट बघावं. ज्याला खरोखर चोराची धास्ती असते तो दाराचं हँडल ओढून पाहतो, काच पुरती चढलीय का बघतो, जाता जाता डिकीही दाबून घेतो. रिमोटवाला गाडीकडे पाठ करून वीस पावलं जातो, मागे न बघता हात खांद्यावरून नेतो आणि दाबतो. गाडी बंद झाली की नाही यात त्याला रस नसतो. बंद झाल्याचं लोकांनी ऐकलं की नाही, यात असतो.

दुसरा पुरावा दुकानात मिळतो. यवतमाळात, वणीत, पांढरकवड्यात, जिल्ह्यात कुठेही नव्या गाडीचा साज एकाच क्रमाने चढतो: आधी पूजा, मग लिंबू-मिरची, मग सीटकव्हर, मॅटिंग, मागच्या काचेवर पोरांची नावं, आणि उरलेल्या पैशांत भोंगा. गिऱ्हाईक ते खोकं हातात घेऊन जे प्रश्न विचारतं त्यांत चोर कुठेच येत नाही. ‘आवाज किती दूर जाते?’ ‘रिमोट किती लांबून चालते?’ ‘चौथ्या माळ्यावरून चालन का?’ विचारणाऱ्याचं घर बैठं असतं, पण माणसाने पुढचा विचार करावा. दुकानदारही तयारीचा असतो. ‘सहा टोन हायेत साहेब. दाबून तर पाहा न.’ मग भर दुपारी सहाही चाली रस्त्याला ऐकवल्या जातात आणि सौदा पक्का होतो. हे वाजत असताना गाडी टोचन करून नेता येते का, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारल्याचं ऐकिवात नाही. उत्तर ‘येते’ असं आहे, त्यामुळे दुकानदारानेही तो विषय काढलेला नाही.

गंमत अशी की ज्या नव्या गाडीत हा भोंगा बसतो, तिच्यात चोराचा खरा बंदोबस्त बहुधा कारखान्यातूनच होऊन आलेला असतो. इमोबिलायझर नावाची ती व्यवस्था. किल्लीच्या काळ्या मुठीत एक चिमुकली चिप असते. किल्ली आत घालताच भोवतालचं तारेचं वेटोळं तिचा सांकेतिक क्रमांक वाचतं, आणि तो जुळला नाही तर इंजिनाचा संगणक इंजिन चालू होऊ देत नाही. चोराने कुलूप फोडलं, तारा जोडल्या, स्टार्टर फिरवला, तरी गाडी ढिम्म. हे सगळं घडतं अवाक्षर न काढता, आणि तेच त्या बिचाऱ्या यंत्राला नडतं. जी वस्तू ओरडत नाही ती काम करत असेल यावर आपला विश्वास बसत नाही. आपल्या गाडीत इमोबिलायझर आहे हे बहुतेक मालकांना किल्ली हरवेपर्यंत ठाऊक नसतं; शोरूमवाला नव्या किल्लीचा आकडा सांगतो, तेव्हा ओळख होते.

आता रिमोट स्टार्टर आत येतो. किल्लीशिवाय इंजिन सुरू करायचं तर या इमोबिलायझरला फसवावं लागतं. बाजारात त्यावरचा सोपा आणि स्वस्त उपाय असा: गाडीची दुसरी किल्ली घ्यायची, ती किंवा तिची चिप एका डबीत घालायची, आणि ती डबी डॅशबोर्डच्या पोटात कायमची चिकटवून टाकायची. बटण दाबलं की गाडीला वाटतं, मालक किल्ली घेऊन आलाच आहे. तिजोरी सुरक्षित राहावी म्हणून तिची दुसरी किल्ली आतून तिजोरीलाच बांधून ठेवण्याची ही कल्पना आहे. आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, वर बसवणाऱ्या पोराला चहा पाजतं. ‘वायर कट नाही करत साहेब, कपलर टू कपलर आहे,’ असं वचन आधी मिळालेलं असतं. वचनपूर्तीच्या काळात स्टिअरिंगखालून रंगीत तारांचा झुबका लोंबत असतो, पोराचे पाय सीटच्या पाठीवर आणि डोकं पेडलांपाशी असतं, आणि तिथून तार दातांनी सोलल्याचा आवाज येतो. दातांनी सोललेली तार कट केलेल्या तारांत मोजायची नाही, असा या धंद्यातला संकेत असावा. नाटकाचा दुसरा अंक गाडी खरंच चोरीला गेल्यावर होतो. विमा कंपनी दावा मंजूर करण्याआधी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. मालक एक पुढे करतो. ‘दुसरी?’ ‘गाडीत आहे जी.’ ‘गाडीत म्हणजे?’ ‘आत. चिकटवून.’ यानंतर समोरचा माणूस कागदावर जे लिहितो, ते त्याने हसू दाबून लिहिलं तरी मालकाच्या फायद्याचं नसतं.

बाहेरच्या जगाचा अनुभवही याच दिशेने जातो. अमेरिकेत विम्याच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये भोंगेवाल्या गाड्यांचे दावे तपासले, तर चोरीच्या नुकसानीत एकूण घट काही सापडली नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्हज या संस्थेने अहवाल काढून भोंग्यांना निरुपयोगी ठरवलं. याउलट कॅनडातलं विनिपेग घ्या. जानेवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरणारं हे शहर. रिमोट स्टार्टर ही खरी असल्या गावांची गरज: इंजिनातलं तेल घट्ट होतं, काचेवर बर्फ जमतो, म्हणून माणूस स्वयंपाकघरातूनच बटण दाबतो आणि कॉफी संपेपर्यंत गाडी माणसात येते. यवतमाळात पारा नऊ-दहावर आला की वर्तमानपत्रांना हुडहुडी भरते. इंजिनाला त्याची खबरही नसते. तर हे विनिपेग एके काळी मोटारचोरीत कॅनडात सगळ्यांच्या पुढे होतं. तिथल्या सरकारी विमा कंपनीने गावाला भोंगे वाटले नाहीत. वारंवार चोरीला जाणाऱ्या मॉडेलांना तिने इमोबिलायझर फुकट बसवून दिले, २००७ पासून ते सक्तीचे केले, आणि जोडीला पोलिसांनी सराईत पोरांवर पाळत ठेवली. काही वर्षांत चोऱ्या धडाधड खाली आल्या. युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर १९९८ पासूनच बंधनकारक आहे. म्हणजे जे चोराला अडवतं त्याचा आवाज होत नाही, आणि ज्याचा आवाज होतो ते चोराला अडवत नाही. आणि आपण दुसऱ्याच्या जोडीदाराला जागा करून देण्यासाठी पहिल्याला फसवतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की भोंग्याने चोर पकडला नाही तरी लोक जागे होतात आणि चोर पळतो. हा आक्षेप घेणारा यवतमाळ जिल्ह्यात राहत नसावा. भोंग्याला धक्का ओळखणारा सेन्सर जोडलेला असतो, आणि चोराचा धक्का कुठला नि इतरांचा कुठला हे त्याला कळत नाही. वणीत कोळशाने भरलेला ट्रक शेजारून गेला, वाजला. दुर्गोत्सवात डीजे कोपऱ्यावर आला, वाजला. उत्सव नऊ दिवसांचा, म्हणून नऊ दिवस वाजला. पोळ्याला शिंगं रंगवून, झूल पांघरून निघालेल्या बैलाने मानेची खाज गाडीच्या आरशावर भागवली, वाजला. त्याने बैल बुजला, बैलामागे धनी पळाला, आणि तोरण तुटायच्या आधीच पोळा फुटला. टपावर वानरांची टोळी उतरली, वाजला. वानरांना तो आवडला, म्हणून त्यांनी पुन्हा उडी मारून वाजवून घेतला. मृगाची पहिली गडगड, वरातीतले फटाके, पोरांनी मारलेला षटकार, सगळ्यांना तो सारखाच दाद देतो. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी वस्तीत आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. भोंग्याच्या खोक्यावर शंभराच्या वरचे आकडे अभिमानाने छापलेले असतात. महिनाभर हे सोसलेल्या शेजाऱ्याने एखाद्या रात्री ‘आज मात्र चोर असेल’ म्हणून पांघरूण फेकून धावावं, ही अपेक्षा माणसाकडून करता येत नाही. तरी यवतमाळकर झोपाळू आहे असं कोणी समजू नये. याच गल्लीत उन्हाळ्याच्या पहाटे चार वाजता एखादी बाई हळू आवाजात नुसतं ‘नळ आले वो’ म्हणाली, की मिनिटाच्या आत अख्खी गल्ली बादल्या, गुंड आणि टिल्लू पंप घेऊन बाहेर असते. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, त्या उन्हाळ्याने हे कान तयार केले आहेत. कशासाठी उठायचं आणि कशासाठी नाही, हे लोकांनी अनुभवाने ठरवलेलं आहे. भोंगा बनवणाऱ्यांनी त्या सहा परदेशी चालींऐवजी ‘नळ आले’ एवढंच भरून दिलं असतं, तर चोराला पळायला वाट मिळाली नसती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो उन्हातून येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो. बंद गाडी उन्हात ठेवली तर आतली बहुतेक तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. स्टिअरिंग दोन बोटांनी धरावं लागतं आणि सीटबेल्टचं बक्कल डाग देतं. अशा वेळी घरातूनच बटण दाबून एसी सुरू केला आणि पाच मिनिटांनी थंड गाडीत बसलं, तर त्यात वाईट काय? कंपनीनेच ही सोय दिलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर काहीच वाईट नाही; तिने खुशाल थंड व्हावं. पण आपल्या बहुतेक गाड्यांचे गिअर हाताने टाकायचे, आणि गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची ही ड्रायव्हिंग स्कूलने लावलेली सवय. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये अशी योजना अनेक गाड्यांत असते. बसवणारा सगळ्यात आधी तीच बायपास करतो, कारण माणूस घरात बसलेला असताना क्लच दाबणार कोण? बऱ्यापैकी यंत्रांत यावर तोड असते: गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवूनच उतरा, दार लावा, मग रिमोटने इंजिन बंद करा, एवढं केलंत तरच पुढच्या खेपेला रिमोट चालेल. किल्ली फिरवण्याचा एक हेलपाटा वाचावा म्हणून आदल्या रात्री हे पाच पायऱ्यांचं कर्मकांड. सुरुवातीला ते सोवळ्याने पाळलं जातं. मग मालक वैतागतो, आणि बसवणारा ती भानगडच काढून टाकतो, कारण ‘गिऱ्हाईक कंटाळते जी’. मग एका रविवारी मालक पाहुण्यांना खिडकीपाशी बोलावतो, ‘आता पाहा’ म्हणतो आणि बटण दाबतो. पाहुणे पाहतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये एक उडी घेते आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन टेकते. पाहुण्यांना वाटतं, एवढं सगळं त्या रिमोटमध्येच आहे.

रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीचा प्रश्न तर कायद्याने आधीच सोडवून ठेवला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं १२६ वं कलम सांगतं, की सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद हवं आणि गाडी आपोआप हलणार नाही अशी ब्रेकबिकची तजवीज हवी. रिकामी गाडी चौकात घरघरत ठेवायची आणि आपण रसवंतीत बसून ती गार होण्याची वाट बघायची, हे यात बसत नाही. दुसरा उपाय फुकट आहे: चारही काचा उतरवून दोन मिनिटं गाडी चालवली की आतली भट्टी बाहेर जाते, मग एसी लावावा. नाहीतर गाडी कडुनिंबाखाली लावावी. कडुनिंबात उणीव एकच, त्याला रिमोट नाही, त्यामुळे तो पाहुण्यांना दाखवता येत नाही.

विम्यात सवलत मिळते, हा तिसरा आक्षेप लगेच निकालात निघतो. जुन्या मोटार टॅरिफात ही सवलत होती ती पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने मान्य केलेल्या साधनाला, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यावर अडीच टक्के, आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्यासाठी हजारांचा खर्च करणारा माणूस हिशेबाला पक्का म्हणता येणार नाही. आणि मान्यतेचं विचारलं तर दुकानदार बिलावरच ठसठशीत शिक्का मारून देतो. बॅटरीचं दुखणं वेगळंच. यंत्र चोवीस तास जागं असतं. त्याने ५० मिलिअँपिअर जरी ओढले तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात कोरडी होते, आणि गाडी त्याच्या कितीतरी आधी उठणं सोडते. दिवाळीला पुण्याला मुलाकडे गेलेला मालक तीन आठवड्यांनी परततो तेव्हा रिमोट, सेंट्रल लॉक, भोंगा आणि इंजिन चौघेही एकमताने गप्प असतात. या अवस्थेत गाडी चोरीपासून पूर्ण सुरक्षित असते, एवढं यंत्राच्या बाजूने मान्य करायला हवं. खुद्द चोराचं विचाराल, तर आपल्याकडे चोरीला जाणाऱ्या वाहनांत मोठा भरणा दुचाकींचा. मोटारीला खेटून घरातली मोटारसायकल उभी असते. तिला हँडलचं कुलूप, तेही बहुधा न लावलेलं. चोर ती काढतो. काढताना तिचा धक्का मोटारीला लागला तर भोंगा वाजतो. मालक खिडकीतून रिमोट दाबून तो बंद करतो, मांजरीला एक शिवी देतो आणि कूस बदलतो.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यांत प्रामाणिक तोच: हौस म्हणून बसवला, तुमचं काय जाते? झोप सोडून काही जात नाही. हौशीला माझा विरोधही नाही. मागे गाड्या रिव्हर्स घेताना बेथोवेनची ‘फ्युर एलिझ’ वाजवत. त्या दिवसांत बेथोवेन घाटंजीपासून उमरखेडपर्यंत पोचला होता आणि त्याला कोणी चोरीवरचा उपाय म्हटलं नव्हतं. हौशीने चोराचं नाव पुढे करू नये, एवढीच तक्रार. कारण हौस हेच खरं कारण आहे याचा पक्का पुरावा अखेर मालकच देतात, भोंगा बसवल्यानंतर काही महिन्यांनी, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात. त्या सबंध यंत्रात चोराशी थेट संबंध येतो तो मुख्यतः धक्क्याच्या सेन्सरचा. टुकटुक, इंडिकेटर, डॅशबोर्डवरचा लाल दिवा हा सगळा थाट. यंत्र सोसवेनासं झालं की यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे मालकाला निवडावं लागतं.

‘सेन्सर काढून टाका जी, रातभर झोपू नाही देत.’

‘अन् मंग चोर आला तं?’

‘चोर कायले येते?’

‘बरं. अन् हे टुकटुक? तेही बंद करू?’

‘नाही नाही, ते राहू द्या. जमलं तं आवाज थोडा वाढवून द्या.’